ॲसिडिटीची गोळी: घ्यायची कधी, थांबवायची कशी

मी फार्मासिस्ट आहे. ‘गोळी लागूच पडत नाही’ असं कुणी ओमेप्राझोल किंवा पॅन्टोप्राझोलबद्दल म्हणालं की मी आधी विचारते, घेता कधी? उत्तर बहुतेकदा ‘जेवण झाल्यावर’ किंवा ‘जळजळ सुरू झाली की’ असं येतं. तिथेच घोटाळा असतो.

जठराच्या अस्तरातल्या पेशींमध्ये आम्ल बाहेर टाकणारे सूक्ष्म पंप असतात. हे औषध ते पंप बंद पाडतं, पण फक्त त्या वेळी चालू असलेले. पंप सर्वांत जास्त चालू होतात ते अन्न पोटात गेल्यावर, आणि औषध रक्तात थोडेच तास टिकतं. म्हणून आधी गोळी, मग अर्ध्या ते एका तासाने खाणं. दिवसातून एकदाच घ्यायची असेल तर सकाळी उठल्यावर, अनशापोटी घ्या. गोळी घेतली आणि मग दुपारपर्यंत काहीच खाल्लं नाही, तर तिचा बराचसा उपयोग वाया जातो. डॉक्टरांनी दोनदा सांगितली असेल, तर दुसरी रात्रीच्या जेवणाआधी, झोपताना नाही.

पहिल्या दिवशी फरक पडला नाही म्हणून सोडू नका. एका डोसात सगळे पंप सापडत नाहीत, शिवाय नवे तयार होत राहतात. पूर्ण परिणाम दिसायला तीन-चार दिवस जातात. तोवर जळजळ झालीच तर साधं अँटासिड तात्पुरता आराम देतं.

गोळी चावू नका, कुटू नका. तिच्यावरचं आवरण जठरातल्या आम्लापासून औषधाला वाचवतं. ते फुटलं तर औषध आतड्यात पोचण्याआधीच नष्ट होतं. गिळायला त्रास होत असेल तर तसं सांगा. काही कॅप्सूल उघडून आतले दाणे न चावता घेता येतात, पण सगळ्या नाही.

अल्सर असेल तर जखम भरायला ही गोळी मदत करते, जखमेचं कारण मात्र वेगळं शोधावं लागतं. ते बहुधा दोनांपैकी एक असतं: हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू, किंवा आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिनसारखी वेदनाशामकं. जिवाणूचा आणि अल्सरचा संबंध दाखवणाऱ्या रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांना 2005 मध्ये नोबेल मिळालं. या जिवाणूवरच्या उपचारात या गोळीसोबत अँटिबायोटिक्स असतात, बहुधा 14 दिवस. मधेच बरं वाटलं तरी कोर्स पूर्ण करा. जिवाणूसाठी श्वासाची किंवा शौचाची तपासणी करायची असेल तर ही गोळी साधारण दोन आठवडे आधी बंद ठेवावी लागते, नाहीतर जिवाणू असूनही अहवाल निगेटिव्ह येऊ शकतो. हृदयासाठी चालू असलेलं ॲस्पिरिन मात्र आपल्या मनाने थांबवू नका.

छोट्या आतड्याच्या अल्सरला साधारण 4 आठवडे, जठराच्या अल्सरला 8, आंबट पाणी घशाशी येण्याच्या त्रासाला 4 ते 8 आठवडे पुरतात. चिठ्ठीवर मुदत नसेल तर विचारून लिहून घ्या. मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती मुदत संपूनही वर्षानुवर्षं तीच गोळी घेणाऱ्यांची. दीर्घकाळ घेतल्यास बी-12 आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं.

अनेक महिने घेऊन एकदम बंद केली तर आम्ल उसळून येतं आणि माणसाला वाटतं, आजार परतला. तो उलटा परिणाम काही आठवड्यांत ओसरतो. डॉक्टरांना विचारून डोस अर्धा करा (गोळी मोडून नाही, कमी ताकदीची घेऊन), मग एक दिवसाआड घ्या, मग थांबवा. मात्र अल्सरमधून पूर्वी रक्तस्राव झाला असेल किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, तर गोळी कायम लागू शकते. क्लोपिडोग्रेल (रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारं औषध) चालू असेल तर तेही सांगा. ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल त्याचा परिणाम कमी करतात, तेव्हा डॉक्टर दुसरी गोळी देतात.

डांबरासारखी काळी शौच, रक्ताची उलटी, घास अडकणं, कारणाशिवाय वजन घटणं यांपैकी काहीही दिसलं तर गोळीवर वेळ काढू नका, थेट डॉक्टरांकडे जा. छातीतली कळ हात-जबड्याकडे जात असेल, घाम फुटला असेल, तर ती ॲसिडिटी समजून घरी थांबू नका. लगेच रुग्णालय गाठा.