एक्सेलमध्ये ओटी (ओव्हरटाइम) काढताय? या चुका टाळा

ओटीची शीट चुकली की पैसे कामगाराचे जातात, त्यामुळे हे जरा चिडूनच लिहितोय, कारण दर महिन्याला कुणाची तरी शीट माझ्याकडे येते आणि चुका त्याच.

सगळ्यात वाईट चूक बेरजेची. चाकणच्या एका वर्कशॉपमध्ये एका वेल्डरचा महिन्याचा ओटी शीटमध्ये दिसत होता २:००. तो बिचारा सांगतोय साहेब, मी आठवड्यातून तीन-तीन दिवस थांबलोय, आणि क्लार्क म्हणतोय कॉम्प्युटर चुकतो का. रोजचे आकडे कागदावर मिळवले तर निघाले २६ तास. एक्सेलसाठी २४ तास म्हणजे १, आणि साधा वेळेचा फॉरमॅट पूर्ण झालेले दिवस दाखवतच नाही, त्यामुळे २६ मधले २४ गायब. ताशी ८० रुपये, डबलने १६०, म्हणजे ४१६० च्या जागी त्याला ३२० मिळाले! कस्टम फॉरमॅटमध्ये तासाचा एच चौकटी कंसात टाकला की पूर्ण २६:०० दिसतं. पण मी तेवढ्यावर थांबत नाही, शेजारच्या कॉलममध्ये बेरजेला २४ ने गुणतो, फॉरमॅट नंबर ठेवतो, २६.०० दिसलं की मगच दर लावतो. न गुणता दर लावलात तर १७३ रुपये येतील.

दुसरी, नाईट शिफ्ट. रात्री १० ते सकाळी ६, वजाबाकी मायनसमध्ये जाते आणि सेलभर हॅशच्या खुणा. मग घाईवाले १९०४ ची डेट सिस्टीम (तारखा १९०४ पासून मोजायची एक्सेलची सेटिंग) चालू करतात, हॅश जातात पण उत्तर येतं मायनस १६ तास, आणि फाइलमधल्या जुन्या तारखा ४ वर्षं १ दिवस पुढे सरकतात. असले शॉर्टकट मला अजिबात पटत नाहीत. मॉड फंक्शन (भागाकारातली बाकी देणारं) घ्या, आत आउट वजा इन, पुढे १, झालं. फक्त कुणी सलग २४ तास थांबला तर मॉड शून्य देतं, तिथे वेळेसोबत तारीखही भरा आणि मॉड न लावता साधी वजाबाकी करा.

८.३० असं डॉटने टाइप करू नका, तासांच्या कॉलममध्ये ते ८.३ तास, म्हणजे ८ तास १८ मिनिटं होतात. वेळ सेलमध्ये डावीकडे चिकटली असेल तर ती टेक्स्ट आहे, बेरजेचं सम फंक्शन ती गुपचूप सोडून देतं. हाफ डेवाल्याचा ओटी मायनस होऊन बेरजेतून कापला जातो, मॅक्स (दोनातला मोठा आकडा देणारं फंक्शन) लावून शून्यावर थांबवा.

आणि आठवडा विसरू नका. १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टचं कलम ५९ दिवसाला ९ किंवा आठवड्याला ४८ तासांच्या वर दुप्पट सांगायचं; नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याच्या जागी नवी कामगार संहिता आली. त्या जुन्या कलमाने रोज साडेआठ तास सहा दिवस केले तर रोजचा ओटी शून्य, पण आठवड्याचे व्हायचे ५१, म्हणजे ३ तास कामगाराच्या हक्काचे.

शीट कुणाचीही असो, मी आधी एक खोटी ओळ भरतो, इन २२:००, आउट ६:००. तिथे ८.०० आलं नाही तर पुढचं काही बघतच नाही, शीट परत पाठवतो.