नव्या विमानाचा हवामान-हिशेब कसा मांडायचा

नव्या विमानाच्या माहितीपत्रकावर ‘शून्य उत्सर्जन’ दिसलं की मी कोरा कागद घेते आणि वर एकच ओळ लिहिते: तेवढेच प्रवासी, तेवढंच अंतर. तुलना एकाच कामाची नसेल तर पुढची आकडेमोड फुकट.

हायड्रोजनवर उडणाऱ्या विमानाचा पहिला हिशेब मी किलोला किलो असा मांडला होता आणि तो साफ चुकला. किलोभर हायड्रोजनमध्ये सुमारे 120 मेगाज्यूल ऊर्जा असते, केरोसीनमध्ये 43. म्हणजे एक किलो हायड्रोजनसमोर 2.8 किलो केरोसीन ठेवायचं. एवढं केरोसीन जळताना 8.8 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. तेलविहिरीपासून जळेपर्यंतची सगळी साखळी धरायची तर मेगाज्यूलला 89 ग्रॅम हा आंतरराष्ट्रीय पायाभूत आकडा घ्या, हिशेब 10.7 किलोवर जातो.

आता दुसरी बाजू. पाण्यातून हायड्रोजन काढायला आणि उणे 253 अंशांवर नेऊन त्याचा द्रव करायला किलोमागे साधारण 65 युनिट वीज लागते. 10.7 ला 65 ने भागा: युनिटमागे सुमारे 165 ग्रॅम. वीज याहून मळकट असेल तर हायड्रोजन उत्सर्जनात केरोसीनच्याही वर जातो. कोळशाच्या विजेवर युनिटमागे किलोच्या आसपास, म्हणजे किलोभर हायड्रोजनमागे 60 किलोच्या वर! म्हणून माझा पहिला प्रश्न विजेचा असतो, विमानाचा नंतर. शिवाय तेवढ्याच ऊर्जेसाठी द्रव हायड्रोजनला चौपट जागा लागते. टाक्या मोठ्या झाल्या की विमान जड होतं आणि त्याला ऊर्जाही जास्त लागते. ती वाढ हिशेबात धरा.

जैवइंधनाचं थोडक्यात: धुराड्याकडे पाहू नका, कच्चा माल कुठून आला ते पाहा. वापरलेलं खाद्यतेल वेगळं आणि जंगल तोडून लावलेल्या पामचं तेल वेगळं.

खरी कसोटी विमानामागे वाफ गोठून उमटणाऱ्या पांढऱ्या रेषांची. 2018 पर्यंतच्या विमान वाहतुकीचा ताळा पाहा, पृथ्वीला मिळणाऱ्या जादा उष्णतेत मोजलेला: रेषांचे आणि त्यातून पसरलेल्या ढगांचे चौरस मीटरमागे 57 मिलिवॉट, कार्बन डायऑक्साइडचे 34. मात्र त्या 57 ची अनिश्चितता 17 ते 98 अशी आहे, म्हणून हा आकडा एकटा कधीच लिहू नका. इथे नवं तंत्रज्ञान चकवतं. जास्त कार्यक्षम इंजिनाचा झोत थंड असतो, त्यामुळे रेषा उलट अधिक ठिकाणी उमटतात. हायड्रोजन तेवढ्याच ऊर्जेला 2.6 पट वाफ सोडतो, पण बर्फकण ज्यावर जमतात ती काजळी नसल्याने ते कमी आणि मोठे होतात, लवकर खाली पडतात. नुसती वाफ मोजून निकाल देणाऱ्याचं मी ऐकत नाही. उड्डाण किती उंचीवरून, हवेच्या कोणत्या थरातून आणि किती वाजता होणार ते विचारा: रात्रीची रेषा फक्त उष्णता अडवते, दिवसाची थोडं ऊन परतही पाठवते.

इंजिनातून निघणारे नायट्रोजन ऑक्साइडही सोडू नका. ओझोन आणि मिथेन दोन्ही तापवणारे वायू; ते ओझोन वाढवतात, मिथेन घटवतात, दोन्ही बाजू लिहा.

रेषा काही तासांत विरते, कार्बन डायऑक्साइड शतकानुशतकं राहतो. म्हणून मी प्रत्येक पर्याय 20 वर्षांवर आणि 100 वर्षांवर असा दोनदा मांडते. रेषा टाळायला विमान थोडं खालून नेलं आणि इंधन जास्त जळलं, तर 20 वर्षांच्या हिशेबात तो पर्याय सरस ठरतो, 100 वर्षांच्या हिशेबात मागे पडू शकतो. क्रम उलटला तर दोन्ही उत्तरं छापा. सरासरी काढून झाकू नका, निर्णय घेणाऱ्याला तो उलटफेर दिसलाच पाहिजे.

शेवटची दुरुस्ती वर्षाची. नवं विमान सेवेत येईल त्या वर्षीची वीज धरा, आणि समोर उभं करायचं जुन्या पद्धतीचं विमानही त्याच वर्षीचं घ्या, आज उडणारं नको.