डोंगरउतारावरचे गवत आणि मातीतला सेंद्रिय कर्ब: कापणीपासून मृगापर्यंत काय सांभाळावे

भातकापणी उरकली की मावळ, अकोले, पाटण, शाहूवाडी या पट्ट्यातल्या वरकस (डोंगरउताराच्या हलक्या) जमिनींवर गवताला विळा लागतो. सातबाऱ्यावर यातली बरीच जमीन पोटखराब, म्हणजे लागवडीला अयोग्य, म्हणून नोंदलेली असते, त्यामुळे तिच्या मातीची चौकशी सहसा कुणी करत नाही. शेतात सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या मुळा-पाल्यातून मातीत उरणारा कार्बन) वाढावा म्हणून आपण शेणखत घालतो, ताग गाडतो. वरच्या उताराने मात्र काही न घालता जो कर्ब साठवलेला असतो, तो एका वणव्याच्या सवयीने आणि दोन पावसाळ्यांच्या बेबंद चराईने आपण घालवतो. हे थांबवता येते, आणि त्याची कामे आत्तापासूनच सुरू होतात.

मारवेल, शेडा, डोंगरी ही आपली चांगली गवते बहुवर्षायू आहेत. वरचे पाते दरवर्षी वाळते, पण बुडाचा, मुळांसकटचा ठोंब जिवंत राहतो. त्याची काही मुळे दरवर्षी मरतात आणि तिथेच कुजतात. हा कुजलेला अंश चिकणमातीच्या आणि लोह-अॅल्युमिनियमच्या कणांना घट्ट धरून राहतो, म्हणून तो लवकर हवेत जात नाही. घाटमाथ्यावरच्या थंडाव्याने कुजण्याचा वेग आणखी मंदावतो. जंगलात बराचसा कर्ब खोडाफांद्यांत असतो, गवताळ रानात तो जवळजवळ सगळा जमिनीखाली असतो. म्हणून उघड्या दिसणाऱ्या गवती उताराला ओसाड म्हणणे मला पटत नाही.

किती कर्ब असतो, त्याचा हिशेब घरी मांडता येतो. एक एकराचा एक फुटापर्यंतचा थर धरला, तर माती साधारण 1,600 टन भरते. तिच्यात कर्ब 1 टक्का असेल, तर तो 16 टन झाला. उतारावर दगडगोटे भरपूर असतात, त्यामुळे तेवढी माती वजा धरावी लागते. तरीही आकडा लहान नाही. शेणखताच्या गाड्या ओढून एवढा कर्ब डोंगरावर नेणे कुणालाच परवडणार नाही.

एक साधी पाहणी जरूर करा. वणवा न लागलेल्या उतारावरून फावड्याने वीतभर खोल गवतासकट ढेकूळ काढा, आणि दरवर्षी जळणाऱ्या शेजारच्या उतारावरूनही तसेच एक काढा. पहिल्यात केसासारखी मुळे माती बांधून बसलेली दिसतील, माती काळपट आणि कणीदार लागेल. दोन्हींतले सुपारीएवढे खडे सावलीत सुकवून काचेच्या ग्लासात पाण्यात सोडा. कर्ब चांगला असलेला खडा बराच वेळ तसाच राहतो, दुसऱ्याचा बघता बघता गाळ होतो. आषाढाच्या पावसात उतारावर हेच घडत असते.

कापणी

गवत फुलोऱ्यात असताना कापले तर वैरण सकस मिळते, बी गळून गेल्यावर काडी उरते. पण माणसे भाताच्या कामात असतात, हे खरे. म्हणून आधी मारवेल-पवन्यासारख्या चांगल्या गवताचे पट्टे उरका, भरड गवत मागाहून घ्या. विळा जमिनीला घासून चालवू नका, चार बोटे खुंट राहू द्या. पुढच्या फुटव्याचे डोळे ठोंबाच्या बुडाशीच असतात. दहा पट्ट्यांतला एक पट्टा बियासाठी उभा ठेवा, आणि तो दरवर्षी बदला. त्यातले पिकलेले बी ओरबाडून कापडी पिशवीत कोरड्या जागी जूनपर्यंत ठेवा.

उतारावर कुसळी (टोचऱ्या कुसळांचे गवत) फार दिसत असेल, तर तो अतिचराईचा दाखला समजा. जनावर चांगले गवत आधी खाते आणि कुसळीला मोकळीक मिळते. पुढच्या वर्षी तिला कुसळे धरण्याआधी, घटस्थापनेच्या सुमारास कापा. जनावराच्या तोंडाला इजा होणार नाही आणि तिचे बीही पडणार नाही.

वणवा

सगळ्यात जास्त जीव इथे घालावा लागतो. गवत जाळले की नवे जोमाने येते, ही समजूत घराघरात आहे. वाळके पाते गेल्याने उजेड मिळतो आणि कोंब लवकर हिरवे दिसतात, एवढे त्यात खरे. पण पात्यातला नत्र आणि गंधक धुरावाटे जातो, आणि राख वळवाच्या पहिल्या जोरदार सरीत ओढ्याला लागते. एका वणव्याने मातीतला कर्ब जळून जात नाही. गवताची आग वरचा एक-दोन सेंटिमीटर थरच तापवते. खरे नुकसान वर्षानुवर्षे जाळण्याने होते: कुजायला पाचोळा उरत नाही, नत्र घटल्याने गवत खुरटते, मुळे कमी होतात आणि जमीन उघडी पडून वाहते. जगभरातल्या 48 ठिकाणच्या नोंदी एकत्र करून 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वारंवार जाळलेल्या जमिनीत 64 वर्षांनंतर वरच्या थरातला कर्ब आगीपासून राखलेल्या जमिनीपेक्षा 36 टक्के आणि नत्र 38 टक्के कमी आढळला.

जाळरेषा (आग अडवणारा मोकळा पट्टा) जानेवारीअखेर पूर्ण करा. खाजगी उतारावर किमान दहा फूट रुंद पट्टा गवत बुडातून कापून, पाला झाडून मोकळा ठेवा. इथे खुंट ठेवायचा नाही, पण नांगर किंवा कुदळही लावायची नाही. आग चढावर झपाट्याने धावते, त्यामुळे रस्ता, पायवाट किंवा वस्ती असलेल्या खालच्या बाजूला पट्टा अधिक रुंद घ्या. गंज्या उतारावर न रचता घराजवळ, मोकळ्या जागी रचा. आग दिसली की वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा. वर चढणाऱ्या आगीच्या पुढे उभे राहून ती विझवायला कुणीही जाऊ नये.

पुष्कळ आगी राब भाजताना (भाताच्या रोपांच्या जागेवर पालापाचोळा, शेण रचून जाळताना) आणि बांध जाळताना सुटतात. भाताच्या रोपवाटिकेला राब हवाच असतो असे नाही. भातलागवडीच्या चारसूत्री पद्धतीत वाफ्यात भाताच्या तुसाची राख आणि लावणीआधी शेतात गिरिपुष्पाचा (ग्लिरिसिडियाचा) पाला वापरतात. ज्यांना राब सोडवत नाही, त्यांनी निदान वारा पडलेला असताना, भोवतीचे गवत-पाला काढून आणि पाण्याची घागर जवळ ठेवून तो भाजावा.

चराई आणि खोदकाम

मृगाच्या पावसाने फुटलेला कोंब ठोंबातली शिल्लक खाऊन वाढतो. त्या वेळी जनावर सोडले तर मूळ उपाशी पडते. पहिले सहा ते आठ आठवडे उतार बंद ठेवा, त्यासाठी आत्ताच पुरेशी वैरण राखून ठेवा. पुढेही रानाचे चार भाग करून फिरती चराई करा, एका भागाला वर्षभर विसावा द्या. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाने चराईबंदी करून गवत कापून नेण्याची पद्धत रुळवली आहे. मात्र धनगर-गवळ्यांची जनावरे ज्या रानावर पिढ्यानपिढ्या येतात, तिथे असे वेळापत्रक त्यांना सोबत बसवूनच ठरवा. त्यांना वगळून केलेली बंदी टिकत नाही आणि न्याय्यही नाही.

चांगल्या गवताच्या उतारावर झाडांसाठी खड्डे किंवा सलग समतल चर (उताराला आडवे, एका पातळीत जाणारे चर) खोदू नका. उलटलेल्या मातीला हवा लागते आणि जपलेला कर्ब कुजून जातो. पाणी अडवण्याचे काम तिथे गवताची मुळे करतच असतात. चर शोभतो तो आधीच उघड्या पडलेल्या, ओघळ सुटलेल्या जागी. तिथेच जूनमध्ये राखलेले बी शेणमातीच्या गोळ्यांतून टाका आणि पाऊस स्थिरावल्यावर मारवेलाचे ठोंब लावा. कासच्या पठारासारखे पातळ मातीचे जांभ्याचे सडे (सपाट खडकाळ माथे) वेगळे, त्यांच्यावर बी टाकू नये की काही लावू नये.

नमुना आणि करार

कर्ब तपासायचा तर गवत कापल्यावर, सुकी माती असताना नमुना घ्या. 15 सेंटिमीटरपर्यंतचा एक आणि 15 ते 30 चा दुसरा, अशा वेगळ्या पिशव्या करा. शेण पडलेली जागा, गंजीचा तळ, राख आणि झाडाची सावली टाळा. मुळे व खडे वेचून काढा. दोन-तीन वर्षांनी त्याच जागेचा, त्याच महिन्यात, त्याच प्रयोगशाळेत पुन्हा तपास करा. कर्ब सावकाश हलतो, वर्षाच्या आत फरक शोधू नये.

कार्बन क्रेडिटचे (साठवलेल्या कर्बाबद्दल पैसे देण्याचे) करार घेऊन कुणी गावात आले, तर तीन गोष्टी लेखी मागा: किती वर्षांचे बंधन आहे, माती किती खोलीपर्यंत आणि कुणाच्या खर्चाने तपासणार, आणि मध्येच वणवा लागला तर भरपाई कोण करणार. गायरानाची जमीन शासनाची असते, त्यामुळे तिच्यावर एकट्यादुकट्याने सही करू नये. तो कागद मराठीत ग्रामसभेत वाचून घ्यावा आणि तलाठ्याकडून गट क्रमांकांची खातरजमा झाल्यावरच पुढचे बोलणे करावे.