अमेरिका १८९८ मध्ये समुद्रापार का गेली: कारणमीमांसा कशी लिहावी

१८९८ मध्ये अमेरिकेने क्यूबावरून स्पेनशी युद्ध केलं आणि त्याच वर्षी हवाई व स्पेनच्या ताब्यातलं फिलिपिन्स अशी दूरची बेटं घेतली. हे का झालं ते लिहिताना सुरुवात कारणांपासून करू नका. आधीची अमेरिका किती अलिप्त होती, ते दोन ओळींत सांगा. वॉशिंग्टन यांनी १७९६ मध्ये इशारा दिला होता तो परराष्ट्रांशी कायमच्या युतीबद्दल, व्यापाराबद्दल नव्हे. अमेरिकी नौदल अधिकारी पेरींचं आरमार १८५३ मध्ये जपानला धडकलं, १८६७ मध्ये अलास्का ७२ लाख डॉलरना विकत घेतला. हे गाळलं, तर १८९८ आभाळातून पडल्यासारखं वाटतं.

मग कारणं तीन भागांत लावा: कुवत, ओढ आणि निमित्त. कुवतीत १८८३ पासूनच्या पोलादी युद्धनौका आणि त्यांना लागणारे कोळशाचे तळ येतात (सामोआतलं पागो पागो १८७८, हवाईतलं पर्ल हार्बर १८८७). ओढीत १८९३ ची मंदी, परदेशी बाजारपेठेची गरज, अमेरिकी नौदल अधिकारी व लेखक माहानचे आरमारी विचार आणि वंशश्रेष्ठत्वाचा गंड. निमित्तात १८९५ पासूनचं क्यूबातलं स्पेनविरुद्धचं बंड आणि १५ फेब्रुवारी १८९८ चा अमेरिकी युद्धनौका ‘मेन’ वरचा स्फोट. तो स्पेनने घडवला असं मात्र लिहू नका. ते कधीच सिद्ध झालेलं नाही.

बहुतेक उत्तरं इथेच थांबतात, आणि तिथेच फसतात. प्रत्येक कारणाला विचारा: मग हे आधीच का झालं नाही? त्यासाठी हवाईइतकं चांगलं उदाहरण नाही. तिथे जानेवारी १८९३ मध्ये राणी लिलिउओकलानी यांना पदच्युत केलं गेलं, विलीनीकरणाचा करार सेनेटपुढे गेला आणि नवे अध्यक्ष क्लीव्हलँड यांनी तो मागे घेतला. साखरेचे मळेवाले तेच, बंदर तेच, पण बेटं मिळाली जुलै १८९८ मध्ये.

साखरेने हा फरक उलगडत नाही. १८९० च्या जकात कायद्याने कच्च्या साखरेवरची जकात उठवली आणि देशी उत्पादकांना पौंडामागे २ सेंट अनुदान दिलं. हवाईच्या साखरेला मिळणारी जकातमाफीची सवलत त्यामुळे निरर्थक झाली. यावरून मळेवाल्यांची धडपड समजते. पण १८९४ मध्ये अनुदान गेलं, जकात परतली. म्हणजे साखर १८९३ साठी वजनदार, १८९८ साठी हलकी. मधल्या काळात मॅकिन्ली अध्यक्ष झाले आणि १ मे रोजी फिलिपिन्समधल्या मनिलाच्या उपसागरात स्पॅनिश आरमार बुडालं. तिथवरच्या वाटेत हवाई हवंच होतं. तरीही विलीनीकरणाच्या करारासाठी सेनेटमध्ये दोन-तृतीयांश मतांची खात्री नव्हती, म्हणून साध्या बहुमताचा संयुक्त ठराव वापरला गेला.

भडक वृत्तपत्रांना एका वाक्यापेक्षा जास्त जागा नको. त्यांनी क्यूबासाठी लोकमत तापवलं. फिलिपिन्स का ठेवलं, याचं उत्तर त्यांच्यात नाही. एप्रिल १८९८ मधली टेलर दुरुस्ती जरूर घ्या: क्यूबा बळकावणार नाही, असं काँग्रेसनेच लिहून दिलं होतं. आधीपासून आखलेली योजना होती, हा दावा त्यापुढे टिकत नाही.

या विस्ताराचे अमेरिकेतले विरोधक विसरू नका. फिलिपिन्ससाठी स्पेनला २ कोटी डॉलर देणारा पॅरिसचा तह सेनेटने ६ फेब्रुवारी १८९९ रोजी ५७ विरुद्ध २७ मतांनी मंजूर केला. हव्या असलेल्या दोन-तृतीयांशापेक्षा फक्त एक मत जास्त.