‘डबल इन्डेम्निटी’ कसा पाहावा

लोभ आणि घातकी स्त्री हे ‘फिल्म न्वार’चे, म्हणजे हॉलिवूडच्या काळोख्या गुन्हेपटांचे, दोन ठरलेले धागे आहेत, आणि बिली वाइल्डर यांच्या १९४४ सालच्या ‘डबल इन्डेम्निटी’त ते इतके घट्ट पिळले आहेत की बहुतेक प्रेक्षक त्यांना एकच समजून उठतात. बाई भेटली, बुद्धी फिरली, खून झाला, असा त्यांचा हिशेब असतो. पहिल्या वेळी मीही तसाच समजलो होतो. दुसऱ्यांदा पाहताना मात्र लक्षात आले की बाई भेटण्याच्या कितीतरी आधी लोभ तिथे मुक्कामाला होता, आणि चित्रपट ते लपवतही नाही. आपणच बाईकडे पाहत बसल्याने ते ऐकत नाही. तेव्हा हा चित्रपट पाहताना कुठे डोळे आणि कुठे कान ठेवावेत, एवढेच येथे सांगायचे आहे.

सर्वांत आधी शीर्षकाचा अर्थ नीट समजून घ्यावा, कारण सगळा डाव त्यावर उभा आहे. अपघाती मृत्यू झाल्यास विम्याची रक्कम दुप्पट देण्याचे कलम म्हणजे ‘डबल इन्डेम्निटी’. आपल्याकडे आयुर्विम्याच्या पॉलिसीत ‘दुर्घटना लाभ’ म्हणून जे जोडून घेतात, तेच हे. चित्रपटातली पॉलिसी मुळातच अपघाती मृत्यूची, पन्नास हजार डॉलरची आहे, आणि मृत्यू आगगाडीच्या प्रवासात झाला तर कंपनीला एक लाख मोजावे लागतील. आगगाडीच का, तर असे मृत्यू क्वचितच घडतात आणि म्हणून कंपनीला असे आमिष दाखवणे परवडते. ही गोष्ट विमा एजंटाला ठाऊक असते, गिऱ्हाइकाला नसते. हे वाक्य मनात ठेवूनच पाहायला बसावे.

दुसरी तयारी खोलीची. हा चित्रपट भर दुपारी मोबाइलवर पाहू नये. छायाचित्रकार जॉन साइट्झ यांनी अर्धी गोष्ट काळोखात सांगितली आहे, आणि पडद्यावर खिडकीचे प्रतिबिंब पडले की नेमका तोच काळोख नाहीसा होतो. दिवे मालवून, शक्य तितक्या मोठ्या पडद्यावर आणि इंग्रजी उपशीर्षके सुरू ठेवून पाहावा, कारण संवाद भराभर येतात आणि त्यांतला निम्मा विनोद बोलीभाषेतला आहे. लांबी अवघी १०७ मिनिटे आहे. मध्येच थांबवून चहा करायला उठू नये.

मागची हकीकत थोडक्यात एवढीच. १९२७ साली न्यूयॉर्कमध्ये रूथ स्नायडर हिने जड ग्रे या प्रियकराच्या मदतीने नवऱ्याचा खून केला. त्यामागे दुप्पट भरपाईची विमा पॉलिसी होती. पुढच्याच वर्षी दोघांनाही देहदंड झाला. त्या प्रकरणावरून जेम्स एम. केन यांना लघुकादंबरी सुचली, आणि तिची पटकथा वाइल्डर यांनी रहस्यकथाकार रेमंड चँडलर यांच्यासह लिहिली. दोघांचे एकमेकांशी अजिबात पटत नव्हते, पण वाचकाला आणि प्रेक्षकाला त्या भांडणाचा फायदाच झाला. चँडलर स्वतः पडद्यावर क्षणभर दिसतात: सुमारे सोळाव्या मिनिटाला चित्रपटातला विमा एजंट वॉल्टर नेफ कचेरीतल्या एका वरिष्ठ सहकाऱ्याच्या केबिनमधून बाहेर पडतो, तेव्हा बाहेर खुर्चीत वाचत बसलेला गृहस्थ म्हणजे तेच.

आता प्रत्यक्ष चित्रपटाकडे वळू. खुनी कोण, हे सुरुवातीच्या काही मिनिटांतच कळते. लॉस एंजेलिसमधल्या रिकाम्या कचेरीत रात्री जखमी नेफ येतो, डिक्टाफोनसमोर, म्हणजे आवाज नोंदवणाऱ्या यंत्रासमोर, बसतो आणि कबुली देऊ लागतो: पैशासाठी आणि एका बाईसाठी खून केला, पैसाही मिळाला नाही आणि बाईही नाही. येथे थांबून एक प्रश्न स्वतःला विचारावा. ही कबुली पोलिसांना का नाही? ती आहे बार्टन कीज या दावा विभागाच्या प्रमुखाला, आणि तिचे रूप कचेरीतल्या अंतर्गत टिपणीचे आहे, अगदी तारखेसह: १६ जुलै १९३८. म्हणजे पुढचे जे काही ऐकू येते ते एका माणसाने दुसऱ्या, विशिष्ट माणसाला सांगितलेले आहे. पुढे प्रत्येक वेळी नेफचा आवाज सुरू झाला की तो ‘कीज’ असे किती वेळा म्हणतो, याकडे कान ठेवावा.

ती बाई म्हणजे फिलिस डीट्रिक्सन; तिचे पहिले दर्शन जिन्यावर होते. नेफ मोटारीच्या विम्याच्या नूतनीकरणासाठी आलेला असतो, नवरा घरी नसतो. थोड्या वेळाने ती कपडे बदलून जिना उतरते, तेव्हा कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर नसून पायांवर असतो, आणि डाव्या-उजव्या पायांच्या हालचालीत एका पायातली साखळी चमकते. पैंजण म्हणावे तर तिला घुंगरू नाहीत. तिच्यावर नाव कोरलेले आहे आणि नेफला ते वाचायचे आहे. फिलिस झालेल्या बार्बरा स्टॅनविक यांचा तो पिवळट, ओबडधोबड केसांचा टोप पाहून अनेकांना हसू येते. स्टुडिओच्या प्रमुखांनाही तो आवडला नव्हता. माझ्या मते टोप खोटा दिसतो हेच योग्य आहे, कारण समोर उभ्या असलेल्या बाईत खरे काय आहे हे आपल्याला शेवटपर्यंत ठरवता येऊ नये. खोलीतही पाहा: बाहेर कॅलिफोर्नियाचे ऊन रखरखते आहे, आत मात्र खिडकीच्या आडव्या पट्ट्यांतून आलेल्या उजेडात धूळ तरंगते आहे, आणि त्याच पट्ट्यांच्या सावल्या नेफच्या सुटावर गजांसारख्या पडल्या आहेत.

याच भेटीत ती अपघात विम्याची चौकशी करते. दुसऱ्या भेटीत नवऱ्याला न सांगता पॉलिसी काढता येईल का, असे विचारते, आणि नेफ तिला चार शब्द सुनावून निघून जातो. इथपर्यंत तो सज्जन ठरतो. मग संध्याकाळी ती त्याच्या घरी येते आणि चित्रपटातला सर्वांत महत्त्वाचा उतारा सुरू होतो. तो पुन्हा एकदा मागे नेऊन ऐकावा, असा माझा आग्रह राहील. नेफ म्हणतो की फिलिस भेटण्याच्या फार आधीपासून हा विचार त्याच्या डोक्यात होता. जुगाराच्या चाकामागे उभा राहून गिऱ्हाइके लबाडी करत नाहीत ना, यावर रात्रंदिवस नजर ठेवणारा नोकर एके रात्री विचार करू लागतो की चाक आपणच फिरवले तर काय होईल. त्याला फक्त बाहेरून पैज लावणारे एक माणूस हवे असते. मराठीत याला कुंपणाने शेत खाणे म्हणतात. ते पैज लावणारे माणूस म्हणजे फिलिस. शिवाय नवरा मरावा ही इच्छा तिची असली, तरी तो आगगाडीतच मरायला हवा, म्हणजे रक्कम दुप्पट होईल, ही युक्ती नेफची आहे. तिने मागितले त्याच्या दुप्पट त्याने देऊ केले. फिलिसला विषकन्या म्हणण्याचा मोह होतो, पण विषकन्येला राजा पाठवत असे; हिला कोणी पाठवलेले नाही, आणि नेफनेही विष आधीच चाखून ठेवले आहे.

याच प्रसंगात सेन्सॉरला कसे चकवले आहे तेही टिपून ठेवावे. त्या काळी हॉलिवूडच्या आचारसंहितेमुळे विवाहबाह्य संबंध उघडपणे दाखवणे अशक्य होते, आणि अशाच कारणांवरून केन यांची गोष्ट कित्येक वर्षे पडून राहिली होती. वाइल्डर काय करतात? दोघे सोफ्यावर आहेत, मध्येच दृश्य डिक्टाफोनकडे जाते, आणि परत येते तेव्हा तो सिगारेट ओढत रेलून बसलेला आणि ती आपला चेहरा ठीकठाक करत असलेली दिसते. एवढ्यावर काम भागले.

सहीचा प्रसंग मराठी घरात लगेच ओळखीचा वाटेल. बैठकीच्या खोलीत सावत्र मुलगी लोला खेळ मांडून बसली आहे, नवरा कंटाळलेला आहे, आणि एजंट मोटारीच्या विम्याच्या कागदांखाली दुसरा अर्ज सरकवून ‘इथे आणि इथे’ म्हणतो. आमच्या घरी वडील अशाच फुल्या मारलेल्या जागी न वाचता सह्या करत, आणि एजंट काकांना चहा देत. सुदैवाने आमच्या काकांना जुगाराच्या चाकाचा नाद नव्हता.

खून होतो तेव्हा पडद्यावर खून दिसत नाही. नेफ मोटारीत मागे, सीटआड दडलेला आहे, फिलिस मोटार चालवते आहे, नवरा तिच्या शेजारी बसला आहे, आणि ती ठरल्याप्रमाणे तीनदा हॉर्न वाजवते. त्यानंतर कॅमेरा तिच्या चेहऱ्यावरून हलत नाही. तिथे दुःख, भीती वा आनंद यांपैकी काय दिसते, याचे उत्तर प्रत्येक वेळी मला वेगळे मिळाले आहे. पुढे आगगाडीचा अपघात भासावा म्हणून प्रेत रुळांवर टाकून दोघे परत मोटारीत बसतात आणि मोटार सुरूच होत नाही. त्या काही सेकंदांत आपण खुनी सुटावेत म्हणून श्वास रोखतो. ते लक्षात आले की थोडी लाज वाटून घ्यावी.

येथून पुढे चित्रपट एडवर्ड जी. रॉबिन्सन यांच्या कीजचा आहे. मृत्यू आत्महत्येचा असल्याचे कंपनीचा अध्यक्ष ठासून सांगतो, तेव्हा कीज आत्महत्यांच्या कोष्टकांची यादी एका दमात म्हणून दाखवतो: विषाने, बंदुकीने, उडी मारून, आणि उडीतही कुठून, पण ताशी पंधरा मैलांनी जाणाऱ्या गाडीच्या मागच्या टोकावरून एकही नाही. तो प्रसंग नुसता ऐकण्यासारखा आहे. याच कीजने खुनाआधी नेफला पगार कमी करून आपला सहायक व्हायला सांगितले होते, आणि नेफने ते हसण्यावारी नेले होते; लोभाची खरी परीक्षा मला तिथे दिसते. दुसरीकडे नेफ आणि फिलिस किराणा दुकानात डब्यांच्या ओळींमध्ये, एकमेकांकडे न पाहता भेटत असतात, आणि मधेच कोणी बाई वरच्या फळीवरची वस्तू काढून मागते. प्रेमाची भाषा संपून व्यवहाराची कधी सुरू झाली ते याच दुकानात कळते.

चुका शोधण्याची हौस असेल तर दोन सांगून ठेवतो. नेफ अविवाहित आहे, पण त्याच्या बोटात लग्नाची अंगठी आहे. ती नेफची भूमिका करणाऱ्या फ्रेड मॅकमरी यांची स्वतःची. आणि नेफच्या घराचे दार बाहेरच्या बाजूला, पॅसेजमध्ये उघडते, जसे सहसा कुठेच उघडत नाही. ही दुसरी गोष्ट मात्र जाणूनबुजून केलेली आहे. कारण कळेल तेव्हा माफ कराल.

चित्रपटाला सात ऑस्कर नामांकने मिळाली आणि एकही पारितोषिक मिळाले नाही, हा मजकूर नंतर वाचायचा. त्याच्या वंशातला ‘बॉडी हीट’ (१९८१) आणि त्यावरून आपल्याकडे आलेला ‘जिस्म’ (२००३) हेही त्याच आठवड्यात पाहू नयेत. त्या दोन्हींत बाईचे पारडे इतके जड आहे की मूळ तराजू विसरायला होतो.

पहिल्यांदा पाहताना मात्र एवढे करावे. कीजच्या खिशात सिगार नेहमी असतो आणि काडी कधीच नसते. दर वेळी नेफ अंगठ्याच्या नखावर काडी ओढून पेटवतो आणि त्याच्यापुढे धरतो. प्रत्येक काडी मनात मोजत जावी, आणि शेवटच्या मिनिटात कचेरीच्या दारापाशी काडी कोणाच्या हातात आहे ते पाहावे.