सॉर्टिंग मशीन येतंय? आधी हे करून ठेवा

पोस्टात पत्रं पत्त्याप्रमाणे वेगळी करणारं मशीन येणार असं कानावर आलं की पहिले युनियनमार्फत लेखी विचारा, कुठल्या शिफ्टमधल्या किती जागा जाणार, बदली कुठे, ट्रेनिंग कोणाला. तोंडी आश्वासनावर अजिबात राहू नका.

मशीन तासाला 30 हजारांच्या वर पत्रं लावतं, त्याच्याशी स्पीडमध्ये भिडण्यात अर्थ नाही, पण शाई पसरलेला पत्ता, अर्धवट लिहिलेला घर नंबर, असली पत्रं ते बाजूला टाकतं आणि ती शेवटी माणसालाच वाचावी लागतात. हे काम, अडकलेलं पाकीट काढणं, बेल्ट आणि सेन्सरची देखभाल, नाहीतर सरळ पार्सलचं काम, कारण पत्रं घटतायत आणि पार्सलं वाढतायत, यातलं काहीतरी आत्ताच शिकायला घ्या. ट्रेनिंगचा अर्ज द्या, पोच घ्या.

स्वेच्छानिवृत्तीचा फॉर्म पुढे केला तर त्याच दिवशी सही नकाच करू, पेन्शन, शिल्लक रजा, मेडिकल सगळा हिशोब घरी नेऊन जाणकाराला दाखवा. सर्व्हिस रेकॉर्डची कॉपी पण काढून ठेवा.

आणि कंत्राटी लोकांना युनियनच्या मीटिंगला बोलवा हो, पहिली कुऱ्हाड बहुतेक वेळा त्यांच्यावरच पडते.