बॅरेटच्या रिपोर्टमध्ये ‘डिस्प्लेजिया’ आलं तर पुढे काय करायचं

दुर्बीण झाली, बायोप्सीचा रिपोर्ट आला आणि त्यात बॅरेट्स इसोफॅगस लिहिलंय, तर घाबरण्याआधी त्यात डिस्प्लेजिया हा शब्द आहे का बघा. वर्षानुवर्षं ॲसिड वर येऊन अन्ननलिकेचं खालचं अस्तर बदलून आतड्यासारखं होतं ते बॅरेट, तो कॅन्सर नाही. त्याच पेशी बिघडायला लागल्या की डिस्प्लेजिया, बिघाड थोडा असेल तर लो ग्रेड, जास्त असेल तर हाय ग्रेड.

डिस्प्लेजिया नसेल तर जाळायचं कापायचं काही नाही. ॲसिड कमी करायची गोळी, आणि बदललेला पट्टा 3 सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर साधारण 5 वर्षांनी, जास्त असेल तर 3 वर्षांनी परत दुर्बीण.

लो ग्रेड लिहिलं असेल तर मात्र, कळकळीने सांगते, ट्रीटमेंटची तारीख घेण्याआधी लॅबमधून स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जपून ठेवलेला बायोप्सीचा तुकडा) मागून घ्या आणि पोटाच्या बायोप्सी रोज बघणाऱ्या दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवा, कारण ॲसिडने सुजलेल्या पेशीपण तशाच दिसतात आणि दुसऱ्या नजरेत बरेच लो ग्रेड रिपोर्ट साधे निघतात. मागायला संकोच करू नका, डॉक्टरांना यात काही वाईट वाटत नाही. तोवर गोळी नेमाने, जेवणाआधी अर्धा तास.

पक्कं झालं तर दोन रस्ते. सहा महिन्यांनी, मग वर्षाने, मग दरवर्षी दुर्बीण करत राहायचं, नाहीतर आरएफए, म्हणजे दुर्बिणीतूनच उष्णता देऊन ते अस्तर जाळायचं. 2014 साली युरोपातल्या 136 पेशंटचा अभ्यास आला, 3 वर्षांत नुसतं लक्ष ठेवलेल्यांपैकी 26.5 टक्के हाय ग्रेड किंवा कॅन्सरपर्यंत गेले, आरएफएवाले 1.5 टक्के. तब्येत धडधाकट असेल तर मला आरएफएच पटतं, पण खूप वय झालेल्या, बाकी आजार असलेल्या माणसासाठी लक्ष ठेवणं काही चूक नाही.

हाय ग्रेडला थांबायचं नाही. उंचवटा दिसत असेल तर तो आधी ईएमआरने, म्हणजे दुर्बिणीतूनच, कापून काढतात, तुकडा तपासला की बिघाड किती खोल गेलाय ते कळतं, जाळून टाकला तर तपासायला काही उरत नाही, म्हणून हे नक्की विचारा. उरलेल्या सपाट भागाला आरएफए. अख्खी अन्ननलिका काढायचं ऑपरेशन आता यासाठी सहसा लागत नाही.

आरएफए बहुतेक वेळा एकदा करून भागत नाही, दोन-तीन महिन्यांच्या अंतराने परत करावं लागतं. नंतर काही दिवस छातीत दुखतं, गार दूध, पातळ पेज असंच घ्या. पुढे घास अडकायला लागला तर लगेच कळवा, नळी आकसली असेल तर फुग्याने रुंद करतात.

आणि अस्तर साफ झालं तरी गोळी सुरूच ठेवायची, हाय ग्रेडवाल्यांची दुर्बीण 3, 6 आणि 12 महिन्यांनी, मग दरवर्षी.